रबरी बाहुली आणि सागरातील राक्षस

दाबली की 'चूं' असा आवाज करणारी गुबगुबीत बाहुली ज्याने बालपणी हाताळली नाही, असा मुलगा आपल्या संकेश्वरात विरळाच. यात्रेच्या पालांत ती मिळते, आठवडी बाजारात मिळते, आणि घरातील जुन्या ट्रंकेत तिची एखादी डोके निखळलेली बहीणही हमखास सापडते. तिला आपण सारेच 'रबरी बाहुली' म्हणतो. प्रस्तुत लेखाचा आरंभ आम्हांस एका दुरुस्तीने करावयाचा आहे. ही बाहुली बहुधा रबरी नसते. रबराच्या झाडाशी तिचे काडीचेही नाते नाही. ती असते मऊ व्हिनिलची.

याच मऊ व्हिनिलचे पोकळ, सुटे भाग जोडून व रंगवून विज्ञानकथांतील अजस्र प्राणी, यंत्रमानव, अंतराळवीर यांच्या प्रतिकृती तयार करण्याचा एक छंद जगात रूढ आहे. गतवर्षी असा एक संच आमच्या प्रशालेतील काही विद्यार्थ्यांच्या व आमच्या हाती आला. त्या संचाने आम्हांस पुष्कळ शिकविले. विशेषतः आमच्या हातून घडलेली एक चूक आणि त्या चुकीचे खापर आम्ही एका निरपराध विद्यार्थ्यावर कसे फोडले, ही हकिगत सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. परंतु ती समजण्यासाठी प्रथम व्हिनिलचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

आपल्या भागातील उसाच्या मळ्यात पाणी नेणारा राखी रंगाचा कडक पाइप तुम्ही पाहिला असेल. तो पाइप आणि ती गुबगुबीत बाहुली ही एकाच पदार्थाची दोन रूपे होत. त्या पदार्थाचे पूर्ण नाव पॉलिव्हिनिल क्लोराइड. त्याच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो, आणि हा क्लोरीन मिळतो तो मिठापासून. मूळचा हा पदार्थ कडक व ठिसूळ. १९२६ साली अमेरिकेतील वाल्डो सीमन हे रसायनतज्ज्ञ धातूला रबर चिकटविणारा एखादा पदार्थ शोधीत होते. त्या खटपटीत त्यांनी हा कडक पदार्थ उच्च उत्कलनबिंदूच्या एका द्रावकात तापविला. डिंक काही मिळाला नाही. मात्र निवल्यावर भांड्यात एक लवचीक, रबरासारखा गोळा शिल्लक राहिला. मऊ व्हिनिलचा उपयोग तेथून सुरू झाला.

यातील मर्म असे की, व्हिनिलचे कण स्वतः मऊ होत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलासारखे एक द्रव्य शिरून बसते आणि कणांना एकमेकांवर सरकू देते. कणकेत मोहन घातले म्हणजे ती जशी मऊ पडते, तद्वत् हे समजावे. या द्रव्यास आपण मृदुकारक तेल म्हणू. हे तेल व्हिनिलशी रासायनिक बंधाने बांधलेले नसते. ते घरातल्या पाहुण्यासारखे असते. वाट मिळाली की बाहेर पडते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमच्या फजितीचे मूळ तेथेच आहे.

आता पोकळ बाहुली घडते कशी ते पाहू. कारागीर प्रथम मातीची मूर्ती घडवितो. तिच्यावरून मेणाची प्रत काढतात. मेणावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा जाड थर चढवितात आणि मग मेण वितळवून काढून टाकतात. हा झाला तांब्याचा साचा. व्हिनिलची भुकटी मृदुकारक तेलात कालवून केलेले दाट द्रावण या साच्यात ओततात व साचा तापलेल्या तेलात धरतात. साच्याच्या भिंतीलगतचे द्रावण प्रथम आळते. मधले द्रावण अजून पातळ असतानाच ते उलटे करून ओतून टाकतात. भिंतीला चिकटलेला थर तेवढा मागे राहतो, आणि पुन्हा तापवून तो पक्का करतात. शेवटी माल गरम असतानाच पक्कडीने धरून साच्याच्या अरुंद तोंडातून ओढून बाहेर काढतात.

गणपतीचा साचा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस येथे एक फरक जाणवेल. शाडूची किंवा प्लास्टरची मूर्ती कडक असते. तिचा हात वा सोंड साच्यात अडकली तर ती मोडते, म्हणून साचा दोन-तीन भागांचा करावा लागतो. व्हिनिलचा माल गरम असताना मोज्यासारखा लवतो. त्यामुळे खवले, सुरकुत्या, वाकडी नखे असे सारे बारकावे असूनही तो अखंड साच्यातून निघून येतो. राक्षसाच्या खडबडीत कातडीसाठी याहून सोयीचा पदार्थ सापडणे कठीण. जपानी कारागिरांनी हे ओळखले, आणि म्हणूनच या छंदाचे माहेर जपान झाले.

तेथील राक्षसाची कथा मात्र खेळण्याच्या दुकानात सुरू झालेली नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. त्या वेळी दूर अंतरावर मासेमारी करीत असलेल्या एका जपानी नौकेवर किरणोत्सारी राख पडली. नौकेवर २३ खलाशी होते. ते सारे आजारी पडले, आणि त्यांपैकी एकाचा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मृत्यू झाला. हिरोशिमा व नागासाकी यांवर अणुबाँब पडून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे लोटली होती. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला 'गोजिरा' हा चित्रपट जपानात प्रकाशित झाला. त्यातील ५० मीटर उंचीचा प्राणी अशाच बाँबच्या चाचण्यांमुळे सागरतळातून उठतो व तोकियो नगरीचा विध्वंस करतो. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांतून त्याचे नाव घडले. राष्ट्राच्या मनातील भय त्या देहात उतरले होते.

पुढे १९६६ च्या सुमारास जपानी दूरचित्रवाणीवर 'अल्ट्रामॅन'सारख्या मालिका आल्या, आणि त्या राक्षसांची मऊ व्हिनिलची खेळणी घरोघर पोहोचली. ती खेळणी खेळलेली मुले मोठी झाली. तयार खेळण्यावर त्यांचे समाधान होईना. चित्रपटातील प्राणी हुबेहूब आपल्या हातांनी उभा करावा, असे त्यांस वाटू लागले. १९८० नंतरच्या दशकात अशा हौशी मंडळींनी लहान प्रमाणावर सुट्या भागांचे संच काढण्यास आरंभ केला. घराशेजारच्या मोटारखान्यात बसून केलेले म्हणून त्यांस 'गॅरेज किट' हे नाव पडले. १९६४ साली ओसाका परिसरात एका छोट्या दुकानाच्या रूपाने सुरू झालेली 'काइयोदो' ही संस्था यात विशेष नावाजली. तिने २०११ साली शिमांतो येथे उघडलेले संग्रहालय एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे. पटावरची मुले संपली, पण वर्गांतून पुन्हा मुलांची वर्दळ सुरू झाली, हे वाचून शिक्षक या नात्याने आम्हांस संतोष वाटला.

आपल्याकडे राक्षस घडविण्याची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. आमचे बालपण गोव्यात गेले. घरची भाषा कोकणी. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांतून नरकासुराचे पुतळे उभे राहतात. बांबूचा सांगाडा, त्यात गवत, वरून कागद, आणि मग रंग. वर्षभर शाळेत ज्याची कोणी दखल घेत नाही असा एखादा मुलगा त्या रात्री मुखवट्याचे डोळे असे रंगवितो की, मोठी माणसेही थबकून पाहतात. नरक चतुर्दशीच्या पहाटे तो असुर जळतो आणि आपण अंगणात कारीट फोडून अभ्यंगस्नानास जातो. इकडे बेळगाव-निपाणी भागात मुले त्याच दिवसांत किल्ले करतात. भयाला आकार द्यावयाचा व मग त्यावर मात करावयाची, हे माणसाच्या मनाला सर्वत्रच आवडते असे दिसते.

असो. आता आमच्या संचाकडे वळू. एका माजी विद्यार्थ्याच्या नातलगाने परदेशातून आणलेला गोजिराचा संच त्याने प्रशालेस भेट दिला. प्रमाण होते १ : २५०. म्हणजे ५० मीटरांचा प्राणी येथे २० सेंटिमीटर. याच प्रमाणाने ८ मीटर उंचीची शाळेची इमारत केवळ ३.२ सेंटिमीटर भरेल, हे गणित इयत्ता सातवीच्या मुलांनी तोंडी करून दाखविले. पेटीत डोके, धड, हात, पाय, शेपटीचे तुकडे व पाठीवरील कल्ले असे अकरा भाग होते. सारेच फिकट पिवळसर, आणि पेटीत दाबले गेल्यामुळे काही वाकलेले. ते पाहून मुलांचा विरस झाला. परंतु व्हिनिलला जणू स्मरणशक्ती असते. वाकलेला भाग गरम पाण्यात धरताच तो मूळच्या आकारात येऊ लागतो. मग थंड पाण्यात बुडविला की तेथेच स्थिर होतो. शेपटीचा तुकडा बादलीत आपोआप सरळ होताना पाहून वर्गात टाळ्या पडल्या.

जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम सारे भाग कोमट पाण्यात साबणाने धुवावेत, कारण साच्यातून आलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. प्रत्येक भागाच्या तोंडाशी जादा व्हिनिलची कड असते. ती थंड असताना कापू गेल्यास सुरी घसरते व बोट कापते. तोच भाग गरम पाण्यात घालून काढला म्हणजे सुरी लोण्यातून जावी तशी जाते. मात्र आतला ओठ, जो दुसऱ्या भागात शिरून बसावयाचा असतो, तो कापू नये. मग भाग एकमेकांत बसवून पाहावेत. येथे घाई केली की डावा हात उजवीकडे बसतो.

चिकटविण्यासाठी बाजारात मिळणारा झटपट डिंक, म्हणजे सायनोअक्रिलेट, वापरतात. तो वाळत नाही, तर हवेतील बाष्पाचा स्पर्श होताच घट्ट होतो. आपल्या बोटांवरही ओलावा असतो, म्हणून बोटे इतक्या त्वरेने चिकटतात. तसे झाल्यास ओढाताण न करता साबणाच्या कोमट पाण्यात बोटे भिजवावीत. सांध्यांतील फटी दोन भाग मळून होणाऱ्या लांबीने भरतात व सुकल्यावर पॉलिशपेपरने घासतात. हे काम गोकाकच्या कारागिरांच्या कामासारखेच आहे. आपल्याच जिल्ह्यातील गोकाकची लाकडी फळे व भाज्या प्रसिद्ध आहेत. तेथेही हलक्या लाकडाचे सांधे बुजवून, वर पांढरा थर देऊन, मगच रंगास हात घालतात. लाकडी आंब्यावर सांधा दिसला तर तो आंबा वाटत नाही. राक्षसाच्या काखेत सांधा दिसला तर तोही राक्षस वाटत नाही.

आणखी एक काळजी. व्हिनिल उष्णतेने मऊ होते, आणि आपला एप्रिल महिना कोणास ठाऊक नाही? उभ्या प्रतिकृतीचे पाय स्वतःच्याच भाराने हळूहळू वाकतात. म्हणून जोडण्यापूर्वी पायांत प्लास्टर ओतून ते भरीव करतात. प्लास्टर घट्ट होताना स्वतः तापते. ते थोडे थोडे ओतावे. आम्ही हे आधी वाचले होते, त्यामुळे आमचा राक्षस पायांवर भक्कम उभा राहिला.

रंगाच्या बाबतीत मात्र आम्ही काहीच वाचले नव्हते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. रंग म्हणजे रंग, इतकेच आमचे ज्ञान. घरी दारे-खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंटचा काळा डबा होता, तो आम्ही प्रशालेत आणला. इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याचा हात चित्रकलेत चांगला. त्यास आम्ही बजावले की, थर पातळ दे. त्याने शनिवारी दुपारी एकट्याने बसून साऱ्या अंगास रंग दिला. बुधवारी पाहिले तो रंग हातास लागतो. पुढच्या सोमवारीही तेच. राक्षसाच्या अंगास रस्त्याची धूळ चिकटली, दोन डास चिकटले. आम्ही भर वर्गात त्या मुलास उभे केले आणि धसमुसळेपणाबद्दल कडक शब्दांत खडसावले. तो एवढेच म्हणाला, "सर, मी पातळच दिला होता." आम्ही ते ऐकून घेतले नाही. तो खाली मान घालून बसला, आणि नंतर काही दिवस त्या टेबलाकडे फिरकला नाही.

आमच्या विज्ञानशिक्षक सहकाऱ्यांनी ही गोष्ट ऐकली. त्यांनी वाद घातला नाही. त्याच डब्यातील रंग, त्याच कुंचल्याने, एका पत्र्याच्या झाकणावर आणि कापून टाकलेल्या व्हिनिलच्या कडेवर सारखाच लावला व दोन्ही खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी झाकणावरचा रंग खडखडीत वाळला होता. व्हिनिलवरचा आठवड्यानंतरही चिकट होता. रंग तोच, थर तोच, हवा तीच. भेद होता तो केवळ खालच्या पदार्थात. विज्ञानातील प्रयोग कसा करावा, याचा याहून सोपा धडा आम्ही पाहिलेला नाही.

कारण काय? तैलरंग हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतो. त्याचे रेणू परस्परांत गुंफले जाऊन कडक पापुद्रा बनतो. परंतु व्हिनिलमधले ते पाहुणे, मृदुकारक तेल, हळूहळू वर सरकते, रंगाच्या थरात शिरते आणि त्यालाही मऊ करून सोडते. ज्या गुणामुळे बाहुली गुबगुबीत होते, त्याच गुणामुळे रंग वाळत नाही. त्या मुलाने थर पातळ दिला असता काय आणि जाड दिला असता काय, निकाल तोच लागला असता. दोष त्याच्या हाताचा नव्हता. आमच्या डब्याचा होता, आणि त्याहून अधिक आमच्या अज्ञानाचा.

ज्या वर्गात आम्ही त्यास उभे केले होते, त्याच वर्गात आम्ही उभे राहून चूक कबूल केली. झाकण व व्हिनिलची कड सर्वांच्या हाती फिरविली. क्षमा मागणे शिक्षकाच्या पदास शोभत नाही असे मानणारे कोणी असतील, त्यांनी एकदा हा अनुभव घेऊन पाहावा. तो विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग सर, आता कोणता रंग घ्यायचा?" दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टेबलाशी दिसला.

चिकट रंग काढण्यास चार दुपारी लागल्या. औषधाच्या दुकानातील स्पिरिट फडक्यावर घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, जुन्या दातब्रशाने खवल्यांतील रंग काढला. थिनर वापरण्याचा मोह आवरला, कारण तीव्र द्रावकाने व्हिनिलचेच नुकसान होते. त्यानंतर पाण्यात कालविण्याचे अक्रिलिक रंग आणले. त्यांचा पापुद्रा पाणी उडून गेल्यावर बनतो, तो लवचीक असतो आणि व्हिनिलवर निभावतो. अगोदर अक्रिलिकच अस्तराचा एक हात द्यावा.

रंगविण्याची पद्धत अशी : अस्तरावर साऱ्या अंगास गडद राखी रंग द्यावा. तो सुकल्यावर काळा रंग पुष्कळ पाण्यात कालवून वरून सोडावा. तो आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि सुरकुत्यांत सावली पडते. मग फिकट राखी रंग कुंचल्यास घेऊन तो जवळजवळ सारा फडक्याला पुसून टाकावा, व अशा कोरड्या कुंचल्याने खवल्यांच्या माथ्यांवरून हलकेच हात फिरवावा. उंचवट्यांवर तेवढा रंग लागतो, जसा उन्हाचा प्रकाश डोंगराच्या कड्यांवर प्रथम पडतो. खोलात काळोख व माथ्यावर उजेड दिसला की २० सेंटिमीटरांचे बाहुले एकाएकी अजस्र भासू लागते. डोळे सर्वांत शेवटी. त्यांवर चकचकीत रोगणाचा एक थेंब ठेवला की प्राणी पाहणाऱ्याकडे पाहू लागतो. आमच्या राक्षसाचे डोळे कोणी रंगविले, हे सांगणे नलगे.

काही सूचना पालकांसाठी. सुरी, गरम पाणी व झटपट डिंक ही मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावीत. घासताना नाकातोंडास फडके बांधावे व ओल्या पॉलिशपेपरने घासावे, म्हणजे भुकटी उडत नाही. काही मृदुकारक द्रव्ये, ज्यांस थॅलेट म्हणतात, आरोग्यास अपायकारक ठरली असून मुलांच्या खेळण्यांत त्यांच्या प्रमाणावर अनेक देशांत निर्बंध आहेत. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे बंधनकारक आहे. तान्ह्या मुलाच्या तोंडी जाणारी बाहुली घेताना ते चिन्ह अवश्य पाहावे. आणि व्हिनिल कधीही जाळू नये. त्यातील क्लोरीनमुळे हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. गवताचा नरकासुर पहाटे जाळावा. व्हिनिलचा राक्षस मात्र कपाटातच ठेवावा.

असे संच महाग असतात व सर्वांस मिळणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु हातकामाचा आनंद पेटीच्या किमतीवर अवलंबून नाही. ट्रंकेतली ती जुनी बाहुली काढा, साबणाने धुवा, तिच्यावर अस्तर देऊन कोरड्या कुंचल्याचा सराव करा. शाडूचा किंवा कागदाच्या लगद्याचा यंत्रमानव घडवा. विषयांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. मराठी विज्ञानकथा समृद्ध करणारे डॉ. जयंत नारळीकर हे १९३८ साली आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतील वामन कसा दिसत असेल, हे अजून तुमच्यापैकी कोणी घडवून दाखविलेले नाही.

आमचा गोजिरा आता प्रशालेच्या विज्ञानकक्षात काचेच्या कपाटात उभा आहे. त्याच्या पायाशी ते पत्र्याचे झाकण व ती व्हिनिलची कड मुद्दाम ठेविली आहे. झाकणावरचा रंग कडक आहे. कडेवरचा अद्यापही बोटास किंचित लागतो. कपाटाची किल्ली आमच्याजवळ असते. ज्यास पडताळा पाहावयाचा असेल, त्याने मधल्या सुटीत खुशाल यावे.